"आबा, शू आली!" – आजी-आजोबा आणि नातवंडांचे घरातले किस्से

अंगणवेल

कालपासून हसून हसून पोट दुखतंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. आणि तुमच्याही घरचे किस्से ऐकायचेत, म्हणून नवा धागा.

आमच्याकडे सासरे, म्हणजे आबा, वय 82. कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 36 वर्षं मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात असतात. मुलं दोन, थोरला सात वर्षांचा आणि चिऊ चार वर्षांची. आबांना गेल्या काही वर्षांत ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण घरात ते डबीतच. "कानात किडा शिरल्यासारखं वाटतं," म्हणतात.

काल संध्याकाळी मी कुकर लावत होते. आबा बाहेर पेपर वाचत बसलेले. चिऊ गॅलरीतून पळत आली.

"आबा, शू आली!"

आबांनी पेपरातून मान वर केली. "कोण, सुलू आली?"

सुलू म्हणजे आबांची धाकटी बहीण. साताऱ्याला असते. चार महिने येते येते म्हणतेय.

"शू आली, शू!"

"अगं मग दारात काय उभी केलीस तिला? बसव की!"

"बसले तर होईल ना!"

"पाणी दे तिला आधी. तांब्याभर दे. उन्हातनं आली असेल."

"नक्को पाणी!" चिऊ आता एका पायावर.

मी हात पुसत बाहेर येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आबा तोवर दार उघडून जिन्यात वाकून हाका मारत होते, "सुलू, अगं ये वर, लाजतेस काय!" आणि चिऊ ओल्या फ्रॉकनं त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही खाली वाकून बघायला लागली. मला विचारते, "आई, कोण आलंय?"

असं आमच्याकडे रोज काही ना काही चालू असतं. मागच्या महिन्यात मी आतून ओरडले, "आबा, चिवडा ठेवलाय!" अर्ध्या तासानं बघते तर फ्रिजमधली मेथीची जुडी बाहेर काढून, पेपरावर पसरून, आबांनी अख्खी भाजी साफ करून ठेवलेली. देठ एकीकडे, पानं एकीकडे. म्हणाले, "निवडून ठेवली बघ. पण काय गं, चहाबरोबर काही खायला नाही का?"

आणि दर वेळी चूक आबांच्या कानाची असते असंही नाही. चिऊ तीन वर्षांची होती तेव्हा तिला 'क' म्हणता यायचा नाही. काका म्हणजे ताता, कुलूप म्हणजे तुलूप. एकदा ती आबांना म्हणाली, "आबा, मला ताप." तिला दुधाचा कप पाहिजे होता. त्या दिवशी आबांना नेमकं स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी कपाळाला हात लावला, रुमाल ओला केला आणि तिला आडवं करून पट्ट्या ठेवायला बसले. ही बया वीस मिनिटं डोळे मिटून गुपचूप पडून होती! नवीन खेळ आहे असं वाटलं तिला. मी आले तर आबा मला दबक्या आवाजात सांगतात, "आता उतरलाय."

लिहा तुमचेही. आजी-आजोबा आणि बारकी पोरं यांच्यातलेच हवेत.

कौलारू

अंगणवेल, "बसव की" ला मी ऑफिसात मोठ्यानं हसले. सगळे वळून बघायला लागले.

आमचा किस्सा गावचा, देवरुखजवळचा. माझ्या मुलाचा पहिला दात हलायला लागला तेव्हा तो नुकताच सहा पूर्ण झालेला आणि आम्ही मे महिन्यात गावी होतो. दात पडला. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, रीतसर त्याला खळ्यात नेलं आणि दात कौलावर फेकायला लावला. "कौलावर टाकला ना, की उंदीरमामा नेतो आणि त्याच्यासारखा बारीक नवा दात देतो." पोरानं मन लावून ऐकलं.

तीन-चार दिवसांनी सकाळी आईची कवळी सापडेना. रात्री ती स्टीलच्या वाटीत पाण्यात घालून देवळीत ठेवते. वाटी जागेवर, पाणी जागेवर, कवळी नाही. मांजर, कावळा, मोलकरीण, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आई तोंडाला पदर लावून घरभर फिरतेय. पोरगा मात्र ओटीवर पाय हलवत बसलेला, चेहऱ्यावर एकदम समाधान.

शेवटी तोच आजीजवळ गेला आणि म्हणाला, "आजी, तू रडू नको. मी टाकलेत."

"काय टाकलंस?"

"तुझे सगळे पडले ना एकदम. मी सगळे कौलावर टाकलेत. आता उंदीरमामा सगळे आणेल."

त्याच्या डोक्यात किती सरळ हिशोब होता बघा. त्याचा एक पडला तर एवढा सोहळा, आणि आजीचे रोज रात्री सगळेच्या सगळे पडतात तर कुणी लक्षही देत नाही! त्यानं सकाळी उठून, वाटीत हात घालून, आजीचं काम करून टाकलं होतं.

मग शोधाशोध. कौलांवर काही दिसेना. नारळ पाडायला येणारा गडी दुपारी आला, त्याला शिडी लावून वर चढवलं. तो वरून विचारतो, "वैनी, नक्की काय शोधूचा हा?" आईला सांगायची लाज. शेवटी मीच ओरडून सांगितलं. कवळी पन्हळीत अडकली होती, वाळक्या पानांत. त्यानं ती फडक्यात गुंडाळून अशी खाली आणली की जणू देवाचा टाकच.

तरी ती दुपारपर्यंत उन्हात कोरडी पडून होती. कवळी पाण्याबाहेर फार वेळ राहिली की आकार बदलतो, मग हिरड्यांना नीट बसत नाही. आईची बसेचना. रत्नागिरीला जाऊन दाखवून आणेपर्यंत दोन दिवस पेज आणि मऊभात. आणि त्या दोन दिवसांत ती पोराला जवळ घेऊन बसायची, आपलं बोळकं उघडायची आणि विचारायची, "बघ रे, येतोय का एखादा?" हा बोट घालून अगदी मागपर्यंत तपासायचा. "अजून नाही. माझा पण नाही आला."

परदेशी_चिमणी

कौलारू, "जणू देवाचा टाक"!! 😂

आमचं न्यू जर्सी. मुलगी पाच वर्षांची, आजी नाशिकला. आमच्या उन्हाळ्यात नाशिक आमच्यापुढे साडेनऊ तास असतं. शनिवारी रात्री साडेआठला आम्ही फोन लावतो तेव्हा तिकडे रविवारचे सकाळचे सहा. आजी अंगणात सडा घालत असते. मुलीनं एकदा विचारलं, तिकडे उजेड कसा? मी घाईत सांगितलं, "आजीकडे उद्या झालाय."

त्या दिवसापासून तिची खात्री आहे की आजी उद्यात राहते. आणि उद्या काय होणार हे आजीला माहीत असतं.

"आजी, उद्या पाऊस आहे का गं?"

आजी खिडकीबाहेर बघते. "आहे गं बाई, भुरभुर चालू आहे."

रविवारी सकाळी लख्ख ऊन, आणि आमची बाई मंडळाच्या मराठी शाळेत रेनकोट आणि गमबूट घालून. बाईंनी विचारलं तर म्हणे, "आजीनं पाहिलाय पाऊस."

पुढं प्रश्न वाढत गेले. उद्या डब्यात काय आहे? उद्या मी पडणार आहे का? आजीलाही आता गंमत कळलीय. ती म्हणते, "उद्या तू भाजी सगळी संपवलेली मी पाहिलीय." आणि खरंच संपवते हो! मी दोन वर्षं मागे लागून जे झालं नाही ते आजीनं नाशिकहून केलं.

खरी पंचाईत नोव्हेंबरात झाली. पहिल्या रविवारी आमचं घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे साडेनऊचे साडेदहा तास होतात. आजी फोनवर वैतागली, "अरे घड्याळ काय मागे घेता, माझी पूजा मध्ये येते!" मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, तू अजून थोडी पुढे गेलीस."

सायंतारा

सगळे किस्से गोड आहेत. पण मनातलं लिहिते, राग मानू नका.

माझ्या आईलाही शेवटची सात-आठ वर्षं ऐकू कमी यायचं. आमच्याकडेही असेच विनोद व्हायचे आणि आम्ही सगळे हसायचो. ती विचारायची, "काय झालं? काय म्हणालात?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही गं, जाऊ दे." परत तेवढं सगळं मोठ्यानं सांगायचा कंटाळा, दुसरं काही नाही. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. मग आमच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. "तुम्ही बसा, मी मागनं घेते." आम्हाला वाटायचं तिला भूक नसते. ती गेल्यावर माझ्या मुलानं मला सांगितलं की आजीला वाटायचं, सगळे तिलाच हसतात.

ते "जाऊ दे" मला अजून टोचतं. म्हणून विचारते, अंगणवेल, काल जिन्यातून परत आल्यावर आबांना कुणी सांगितलं का, नेमकं काय झालं होतं ते?

अंगणवेल

सायंतारा ताई, राग कसला. बरं झालं लिहिलंत. वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले.

सांगितलं होतं. मी नाही, थोरल्यानं. आबा दार लावून आत आले, हिरमुसले होते, सुलूआत्या आली नाही म्हणून. थोरला त्यांच्यासमोर जाऊन बसला, गुडघ्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द तोडून सांगितलं: "आबा. सुलू. नाही. आली. चिऊला. शू. आली." आबांनी दोन क्षण त्याच्याकडे बघितलं, मग चिऊकडे, मग फरशीकडे. आणि असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. रात्री त्यांनी स्वतः साताऱ्याला फोन लावून आत्यांना सगळं सांगितलं. आत्या म्हणाल्या म्हणे, "दादा, लहानपणापासून माझी हीच किंमत केलीस."

पण तुमचं म्हणणं पटलं. "जाऊ दे" आमच्याही घरात आहे. माझ्याच तोंडात आहे. स्वयंपाकाच्या घाईत मी किती वेळा म्हणते ते आठवलं आणि वाईट वाटलं. मुलं तसं म्हणत नाहीत, हे मात्र मी पाहिलंय. त्यांना कंटाळा येत नाही. तीच गोष्ट दहा वेळा सांगायला त्यांना उलट आवडतं.

आणि चिऊचं एक लिहायचं राहिलं. ती आबांशी बोलताना वेगळ्याच आवाजात बोलते. जाड, घोगरा, पोटातून काढलेला. हनुवटी खाली, गाल फुगवून, "आऽबाऽ, जेऽवाऽयलाऽ चऽलाऽ." एवढीशी पोर आणि आवाज एखाद्या पैलवानाचा! आम्हाला आधी वाटलं नक्कल करतेय. मी एकदा रागावलेही. पण आबांना तिचं ते बोलणं पहिल्या फटक्यात कळतं, आणि माझं कळत नाही. असं का होतं कुणी सांगेल?

दिडकी

आबा मास्तर होते म्हटल्यावर राहवत नाही. माझे वडीलही शिक्षक. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे अजून तोंडपाठ. (माझा आयडी त्यावरूनच.) नातू इंग्रजी माध्यमात, दुसरीत.

दर रविवारी दोघं हाऊजी खेळतात. आजोबा आकडे पुकारतात. "एकोणऐंशी!" नातू 89 वर काट मारतो. "एकोणनव्वद!" नातू 99 वर. बिचाऱ्याला 'ऐंशी' ऐकू आलं की एटी, 'नव्वद' ऐकू आलं की नाइंटी. मग आजोबा चिडतात, "एकोण म्हणजे एक उणा! एक ऊन ऐंशी!" नातू म्हणतो, "एक ऊन म्हणजे एक सन?"

आता गंमत ऐका. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्त्याण्णव'च्या जोडीला 'नव्वद सात' असं वाचायची पद्धत आली होती, आठवतंय? केवढा गदारोळ झाला होता. आमच्या वडिलांनी तेव्हा वर्तमानपत्राला दोन पानी पत्र लिहिलं होतं, जोडाक्षरांची भीती वाटते म्हणून भाषा मोडायची का, वगैरे. छापून आलं नाही, पण त्याची प्रत फाइलमध्ये आहे.

तर गेल्या रविवारी मी चहा घेऊन गेले तर आजोबा हळूच, दाराकडे बघत, पुकारतात, "सत्तर... नऊ." मी दिसल्याबरोबर एकदम मोठ्यानं, "म्हणजेच एकोणऐंशी!"

नातवाचं घर पूर्ण झालं. त्याला बक्षीस आठ आणे जाहीर झाले. तो म्हणतो आठ रुपये. आजोबा म्हणतात, रुपयाचे सोळा आणे, म्हणजे आठ आणे अर्धा रुपया. नातू म्हणतो, तुमच्याकडे सोळा घ्यायचे आणि एकच द्यायचा, ही चीटिंग आहे. अजून मिटलेलं नाही.

कर्णोपकर्णी

अंगणवेल, मी श्रवणतज्ज्ञ आहे, दिवसभर हेच काम. तुमच्या चिऊनं जे शोधलंय ते आम्ही नातेवाइकांना समजावून थकतो.

वय वाढतं तसं ऐकणं कमी होतं ते सगळ्या आवाजांचं सारखं होत नाही. आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसपेशी असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच पट्टीच्या आवाजासाठी, आणि त्याच आधी झिजतात. भाषेत स्वर खालच्या पट्टीत असतात, आणि स, श, फ, थ असली व्यंजनं वरच्या पट्टीत. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला "ऊ... आ...ई" नीट पोचतं, पुढचा-मागचा 'श' पोचत नाही. मग मेंदू आपल्या मनातलं काहीतरी तिथं भरतो. आबांच्या मनात बहिणीची वाट होती, म्हणून 'शू'ची 'सुलू' झाली. चिवडा आणि निवडा यात स्वर तेच आहेत, बघा म्हणून.

लहान मुलांचा आवाज मुळातच उंच. पुरुषाच्या आवाजाच्या दुपटीहून जास्त कंपनं असतात. त्यात बायका-मुलं ओरडतात तेव्हा पट्टी आणखी चढते. म्हणून तर आजोबा म्हणतात, "ओरडू नको, नीट बोल." चिऊनं पट्टी खाली आणली, वेग कमी केला, आणि समोर उभी राहून तोंड दाखवलं. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. तिला रागावू नका.

मशीन मात्र घालू द्या त्यांना. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, पेपराचा आवाज नको इतका येतो, म्हणून लोक डबीत ठेवतात. रोज तास-दोन तासांनी सुरुवात करून वाढवत नेलं तर मेंदूला सवय होते. घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून एक महत्त्वाचं: मशीनचे सेल त्यांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला किंवा नाकात घातला तर आतून जाळतो. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात.

अंगणवेल

बाप रे. तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि उठून कपाट तपासून आले. सेल आता वरच्या खणात, कुलपात.

कारण हे आमच्याकडे अर्धं घडून गेलंय. दिवाळीआधी आबांचं मशीन सारखं बंद पडायला लागलं. नवा सेल घातला की दोन दिवसांत संपतो. आम्ही दुकानदाराला बोल लावून मोकळे. मग एक दिवस चिऊच्या बाहुल्यांकडे लक्ष गेलं. सगळ्या बाहुल्यांच्या कपाळावर नारिंगी टिकल्या. हत्तीच्याही. भिंतीवरच्या कॅलेंडरात देवीच्या कपाळावर एक जादा. सेलवरचे ते गोल चिकट कागद! अख्ख्या पाकिटातल्या सहाच्या सहा सेलांचे काढलेले. कागद निघाला की सेलमध्ये हवा शिरते आणि तो तिथूनच खर्च व्हायला लागतो, हे मला तेव्हा कळलं. सेल सगळे जागेवर होते, सहाही मोजले, म्हणून जीव भांड्यात पडला. तुमचं वाचेपर्यंत एवढं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

आबा तेव्हा काय म्हणाले सांगू? बाहुल्यांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "एवढ्या सवाष्णी घरात आल्या आणि मला मेलं ऐकूच आलं नाही."

आणि घोगऱ्या आवाजाचं कळल्यावर मी चिऊला रात्री जवळ घेऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "कशाबद्दल?" त्याच आवाजात.

वऱ्हाडी_ठेचा

अमरावती. माझी आजी नव्वदीला टेकलेली, विसरायला लागून तीनेक वर्षं झाली. माणसं ओळखत नाही. माझा भाचा पाच वर्षांचा. दिवसातून दहा वेळा तिचा एकच प्रश्न, "कोनाचा व्हय रे तू?"

आम्ही मोठे दर वेळी समजावत बसायचो, अगं हा तुझ्या नातीचा, तो अमुक, तो तमुक. ती आणखी गोंधळायची, आपलं काहीतरी चुकतंय हे कळून रडवेली व्हायची. भाच्यानं तसलं काही केलं नाही. तो रोज नवीन उत्तर देतो.

"मी लाइटचं बिल घेऊन आलो."

"किती झालं?"

"शंभर करोड."

"अबब! पंखे बंद करा रे!"

एक दिवस म्हणाला, "मी पाहुणा." तर आजीचा चेहरा असा उजळला! "मंग बसा नं बापा, उभे काऊन? च्या मांडतो." वरणगावची माहेरवाशीण, पाहुणा म्हटलं की अंगात येतं तिच्या. बसल्या जागी हवेतच चूल पेटवली, हवेतच आधण ठेवलं, साखर किती विचारलं. ह्यानं हवेतली बशी दोन्ही हातांनी धरून फुंकून फुंकून च्या प्यायला. वर म्हणतो, "आलं कमी पडलं."

आजी म्हणाली, "उद्या या. उद्या टाकतो."

आता रोज चारला पाहुणे येतात. तो शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी दाराची कडी वाजवतो. नाव तिला अजून आठवत नाही. पण चार वाजत आले की दाराकडे बघते.

सायंतारा

वऱ्हाडी_ठेचा, "उद्या टाकतो" वाचून हसता हसता डोळे भरले. भाच्याला माझ्याकडून एक खरा चहा पाजा. नको, दूध पाजा.

परदेशी_चिमणी

आमच्या पोरीला हे सगळे किस्से वाचून दाखवले. कौलावरच्या कवळीचा तीन वेळा. आता ती उद्या आजीला विचारणार आहे की तिचे सगळे दात उद्यापर्यंत शाबूत आहेत का.

कौलारू

😂😂 आईला धागा वाचून दाखवला. तिनं एकच निरोप दिलाय: "त्या पुण्याच्या बाईस विचार, सुलू शेवटी आली की नाही?"

अंगणवेल

कौलारू, काकूंना सांगा, आली! सुलूआत्या परवा दुपारी आल्या, न कळवता. साताऱ्याहून एसटीनं, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

आबा पलंगावर आडवे, मशीन डबीत. बेल वाजली, चिऊनं धावत जाऊन दार उघडलं आणि तशीच धावत आत आली. हनुवटी खाली, गाल फुगवलेले, पैलवानी आवाज:

"आऽबाऽ! सुऽलूऽआऽजीऽ आऽलीऽ!"

आबा ताडकन उठून बसले. "मग बघतेस काय? पळ! पळ लवकर! दिवा मी लावतो, तू आधी बस जा!"

आणि चार वर्षांच्या पोरीला बखोटीला धरून, दारात उभ्या राहिलेल्या बहिणीच्या अंगावरून, थेट संडासात नेऊन बसवलं.